खासगी डिस्क गोल्फ कोर्सची जाहीर नोंद : आम्ही ती कशी केली

ज्या काकांच्या जमिनीवर आम्ही काही जण डिस्क गोल्फ खेळतो, त्या कोर्सची नोंद अखेर सगळीकडे नीट लागली. जानेवारीत विषय निघाला आणि शेवटच्या नकाशावरची चूक दुरुस्त झाली तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता. हे काम आधी केलेल्या कुणाचं तरी सविस्तर टिपण मिळावं म्हणून मी या काळात खूप शोधाशोध केली. सार्वजनिक उद्यानातल्या कोर्सची नोंद कशी करायची हे सांगणारे भरपूर आहेत. पण जिथे विचारल्याशिवाय कुणी येऊ नये अशा कोर्सची नोंद जाहीर डिरेक्टरीत, म्हणजे खेळाडू कोर्स शोधतात त्या यादीत, का करायची, आणि करायचीच तर कशी, याबद्दल फारसं काही हाती लागलं नाही. तुमच्या ओळखीत असा कोर्स असेल तर पुढचं उपयोगी पडेल.

खेळ माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. गोल्फसारखाच खेळ, फक्त चेंडूऐवजी चकती फेकायची आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लावलेल्या लोखंडी बास्केटमध्ये ती टाकायची. जिथून फेकायला सुरुवात करायची ती जागा म्हणजे टी, आणि टी ते बास्केट हा एक टप्पा म्हणजे एक होल. एड हेड्रिक यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमस्वरूपी कोर्स उभा केला आणि १९७६ मध्ये पीडीजीए (प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन) ही संघटना सुरू केली. तेव्हापासून हा खेळ मुख्यतः उद्यानांमध्ये वाढला. यायचं, फेकायचं, जायचं. बहुतेक ठिकाणी तिकीटही नाही. त्यामुळे डिरेक्टरीत कोर्स दिसला की तिथे गेलं तरी चालतं, हे खेळाडूंच्या अंगवळणी पडलेलं आहे. खासगी कोर्सच्या बाबतीत नेमकं इथेच घोडं अडतं.

काकांचा कोर्स अठरा होलचा आहे. निम्मा गवताळ उतारावर, निम्मा झाडीत. तो कुठेही नोंदवायचा नाही असंच इतकी वर्षं ठरलेलं होतं. जानेवारीत एका रविवारी चार अनोळखी मुलं डिस्कच्या पिशव्या खांद्याला लावून थेट स्वयंपाकघराच्या दाराशी आली आणि पहिल्या होलचा टी कुठे आहे म्हणून काकूंना विचारू लागली. मुलं सभ्य होती. त्यांनी एका नकाशावर पिन पाहिली होती, आणि ती पिन बरोबर घराच्या छपरावर टेकवलेली होती. पूर्वी येऊन गेलेल्या कुणीतरी ती हौसेने टाकली असावी. खाली नाव होतं, होलची संख्या होती, दोन फोटो होते. परवानगी घ्यावी लागते याचा उल्लेख कुठेच नव्हता.

काकांनी मला फोन करून विचारलं, "हे काढून टाकता येईल का गं?" काढून टाकणं जमलं असतं. पण मी जरा खोलात पाहिलं तेव्हा लक्षात आलं की त्याने प्रश्न सुटणार नाही. तिथे खेळून गेलेल्यांच्या फोनमध्ये स्कोअर होते, फोटो होते, आणि उपग्रहाच्या चित्रात उतारावरचे टी-पॅड स्वच्छ दिसत होते. एक नोंद काढली तरी सहा महिन्यांनी दुसरा कुणीतरी चांगल्याच हेतूने नवी टाकणार, आणि ती पहिल्यासारखीच अर्धवट असणार. म्हणजे कोर्स लपलेला राहणार नव्हताच. त्याची माहिती कोण लिहिणार, मालक की एखादा वाटसरू, एवढंच काय ते आपल्या हातात होतं. काकांना हे पटायला वेळ लागला. "नोंद केली की लोक वाढतील" ही त्यांची भीती खरी होती, आणि ती मी हसण्यावारी नेली नाही. शेवटी ते म्हणाले, "येऊ देत लोक, पण मला कळवून. आणि ही घरात एकटी असताना नको." पुढचं सगळं काम या दोन वाक्यांवर उभं राहिलं.

फेब्रुवारीत मी आधी शब्दांचा गुंता सोडवला, कारण 'खासगी' म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळं चित्र येतं. जमीन कुणाच्या मालकीची आहे आणि तिथे कोण खेळू शकतं, हे दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला मेपल हिल हा जगप्रसिद्ध कोर्स खासगी मालकीचा आहे, ख्रिसमसची झाडं वाढवतात त्या शेतावर आहे. पण पैसे भरून तिथे कुणीही खेळू शकतं. उलट लष्करी तळावरचा कोर्स सरकारी जमिनीवर असतो, तरी फाटकावर ओळखपत्र नसेल तर आत पाऊल टाकता येत नाही. शाळेच्या मैदानावरचा कोर्स शाळा भरलेली असताना बंद आणि सुटल्यावर खुला. कॅम्पच्या जागेतला कोर्स फक्त मुक्कामी पाहुण्यांसाठी. या सगळ्यांवर 'खासगी' असा एकच शिक्का मारला तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. म्हणून डिरेक्टरीतल्या त्या एका खुणेवर विसंबून राहू नका. खूण कराच, पण तिचा तुमच्या कोर्सपुरता अर्थ शब्दांत लिहून द्या.

मग काका-काकूंसोबत बसून मी अटी लिहून काढल्या. हे काम तोंडी ठेवू नका. कोणत्या वारी, किती ते किती, एका वेळी किती गाड्या, कुत्रं आणलेलं चालेल का, लहान मुलं चालतील का, पाण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय आहे का, फोटो काढलेले चालतील का, पाऊस पडून उतार निसरडा झाला तर कोणी आणि कधी कळवायचं, असे प्रश्न निघत गेले. काकूंनी एक प्रश्न काढला जो मला सुचलाच नसता : घरात कुणी आजारी असेल, पाहुणे असतील, तर कारण न सांगता नाही म्हणता यायला हवं. ती ओळ आम्ही तशीच ठेवली. शेवटी काकांनी त्या कागदावर सही केली आणि माझ्या नावाने नोंद करायची लेखी परवानगी दिली. पुढे एका डिरेक्टरीच्या स्वयंसेवकाने "मालकाची संमती आहे का?" असं विचारलं तेव्हा हाच कागद कामी आला.

त्याच सुमारास दोन गोष्टी एकदम पुढे आल्या, शेजारी आणि विमा. कोर्सकडे जाणारा कच्चा रस्ता सामाईक आहे आणि शेजाऱ्यांच्या फाटकासमोरूनच वळतो. त्यांच्या कानावर आधी घालायचं असा काकांचा आग्रह होता, आणि तो किती योग्य होता ते पहिल्याच भेटीत कळलं. शेजारच्या ताईंना खेळाचं काही वावडं नव्हतं. त्यांच्या फाटकासमोर गाडी लागली की ट्रॅक्टर बाहेर काढता येत नाही, एवढीच त्यांची तक्रार होती. आम्ही गाड्यांसाठी आतली जागा आखली, वळणावर बाणाचा फलक लावला आणि 'रस्त्यावर गाडी लावू नये' ही ओळ अटींमध्ये वर आणली.

विम्याचं मात्र भिजत घोंगडं झालं. काकांच्या विमा कंपनीला आम्ही लेखी विचारलं : मोफत खेळायला आलेल्या पाहुण्याला इजा झाली तर सध्याची पॉलिसी पुरते का? उत्तर यायला कित्येक आठवडे गेले, मधे तोच प्रश्न पुन्हा पाठवावा लागला. आलेल्या उत्तरात थोडा जादा हप्ता होता, तो आम्ही खेळणाऱ्यांनी वाटून घेतला. या वाट पाहण्याच्या काळात वाचलेली एक गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत असा कायदा आहे की करमणुकीसाठी जमीन फुकट वापरू देणाऱ्या मालकाची जबाबदारी मर्यादित राहते. पैसे आकारले की ते संरक्षण बहुधा कमी होतं किंवा जातं. तुमच्या ठिकाणचा कायदा वेगळा असेल, त्यामुळे देणगीची पेटी ठेवण्याआधीसुद्धा वकिलाला विचारा. 'ऐच्छिक देणगी' हा शब्द आपल्याला निरुपद्रवी वाटतो, विमा कंपनीला तो तसा वाटेलच असं नाही. आम्ही पेटी ठेवलीच नाही.

मार्चमध्ये मोजणी. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला. सरळ होल लेझरच्या दुर्बिणीने मोजले. झाडीतून वळणारे होल मात्र चाकाच्या मापकाने, चकती ज्या वाटेने जाणं अपेक्षित आहे त्या वाटेने चालत मोजले, कारण टी ते बास्केट हवाई अंतर घेतलं तर वळणदार होल कागदावर उगाच सोपा दिसतो. आकडे मीटर आणि फूट दोन्हींत लिहून ठेवा. या खेळात फुटांची सवय आहे. ३०० फुटांच्या आतले किती होल, ३०० ते ४०० मधले किती, ४०० च्या पुढचे किती, अशी विभागणीही विचारली जाते. ३०० फूट म्हणजे साधारण ९१ मीटर. याशिवाय टी कशाचे आहेत (आमचे काही काँक्रीटचे, काही नुसती दाबलेली माती), बास्केट कोणत्या बनावटीच्या, चढउतार किती, झाडी किती, हे सगळं एका तक्त्यात भरून ठेवलं. सगळ्या अर्जांत थोड्या फरकाने तेच प्रश्न असतात.

जीपीएसच्या आकड्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण काकूंच्या दारावरची थाप इथूनच आली होती. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांश चिन्हापुढे पाच अंक लिहिले की तुम्ही साधारण एका मीटरवर बोट ठेवता, चार अंक लिहिले की अकरा मीटरवर, तीनवर थांबलात तर शंभरेक मीटरवर. पुष्कळ लोक घर दिसू नये म्हणून अंक कमी करतात. पण मग पिन भलत्याच ठिकाणी पडते, कदाचित शेजाऱ्यांच्या अंगणात, आणि त्रास त्यांना होतो. आम्ही उलटं केलं. पाच अंकांची अगदी अचूक जागा दिली, पण ती घराची किंवा पहिल्या टीची न देता गाड्या लावायच्या जागेची, फाटकाच्या आतल्या बाजूची. तिथेच मोठा फलक आहे. परवानगी न घेता कुणी आलंच तर पहिली गाठ फलकाशी पडते, काकूंशी नाही.

फोटोंचंही तसंच. फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये जागेची नोंद दडलेली असू शकते. अपलोड करण्याआधी ती पुसून टाकली. घर, गाड्यांचे नंबर आणि खेळणारी मुलं ज्या फोटोंत होती ते सगळे वगळले. उरलेल्यांपैकी सातव्या होलचा फोटो मला फार प्रिय आहे : दोन झाडांच्या बुंध्यांमधली जेमतेम हातभर रुंदीची फट, आणि पलीकडे उन्हात चमकणाऱ्या साखळ्या.

एप्रिलमध्ये मजकूर लिहायला बसले. कोर्सचं कौतुक आधी आणि अट शेवटी, असं बहुतेक नोंदींत असतं. फोनवर वाचणाऱ्याला पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं उघडून वाचावं लागतं, हे लक्षात घेऊन आम्ही क्रम फिरवला. आमची नोंद अशी सुरू होते : "हा कोर्स राहत्या घराच्या जमिनीवर आहे. खेळण्यासाठी मालकांची आगाऊ परवानगी लागते. किमान दोन दिवस आधी ईमेल करा आणि होकार येईपर्यंत निघू नका. उत्तर न येणं म्हणजे नकार समजावा." त्यानंतर वार, वेळा, गाड्या, कुत्री, आणि सगळ्यात शेवटी उतारावरच्या वाऱ्याचं वर्णन. "उत्तर न येणं म्हणजे नकार" हे वाक्य काकांना जरा कडक वाटलं होतं. मी ते ठेवायला लावलं. त्या एका ओळीने घरातल्यांवरचा प्रत्येकाला उत्तर देण्याचा ताण गेला.

संपर्कासाठी वेगळा ईमेल पत्ता उघडला. तो काका आणि मी दोघंही पाहतो. फोन नंबर कुठेही दिला नाही. एकदा जाहीर झालेला नंबर परत घेता येत नाही. फाटकाच्या कुलपाचा आकडा नोंदीत लिहिण्याचा तर विचारही करू नका. तो आम्ही होकारासोबत कळवतो आणि अधूनमधून बदलतो.

एप्रिलच्या शेवटी अर्ज गेले. आम्ही तीन ठिकाणं निवडली : पीडीजीएची अधिकृत डिरेक्टरी, यूडिस्क हे सर्वाधिक वापरलं जाणारं ॲप, आणि डिस्क गोल्फ कोर्स रिव्ह्यू ही खेळाडूंच्या परीक्षणांची जुनी साइट. तिन्हीकडे नोंदीला पैसे पडत नाहीत. आमचा खर्च झाला तो फलकांवर, विम्यावर आणि खडीवर. तिन्ही ठिकाणी मजकूर शब्दशः सारखाच दिला, कारण एकीकडे 'शनिवार' आणि दुसरीकडे 'शनिवार-रविवार' असं दिसलं तर पाहुणा सोयीचं तेच धरणार.

मग वाट पाहणं. एका ठिकाणची नोंद आठवड्याच्या आत दिसू लागली. दुसरीकडून प्रश्न आला : कोर्स लोकांना खेळता येत असेल तरच नोंदीला अर्थ, तर परवानगी प्रत्यक्षात मिळते की नुसती नावाला आहे? प्रश्न रास्त होता. या डिरेक्टऱ्या मुख्यतः खेळाडूंसाठी आहेत. ज्या कोर्सवर कुणालाच जाता येणार नाही त्याने यादी भरून काय साधणार? मी अटींचा कागद आणि ठरलेले वार कळवले, आणि नोंद मंजूर झाली. तिसरीकडे बरेच दिवस काहीच हालचाल नव्हती. मे संपता संपता मी एकदा नम्रपणे आठवण केली आणि जूनच्या सुरुवातीला तीही लागली. हे काम कितीतरी ठिकाणी स्वयंसेवक आपला वेळ काढून करतात, त्यामुळे रोज उठून विचारण्यात अर्थ नाही. यूडिस्कवर कोर्सची माहिती ताजी ठेवणारे कोर्स ॲम्बॅसडर असतात; तुमच्या कोर्सची ती जबाबदारी तुमच्याच माणसाने घेतली तर पुढचे बदल सोपे जातात.

नोंद दिसली त्या संध्याकाळी मला आनंदापेक्षा धाकधूक जास्त होती. आता फाटकाशी रांग लागली तर? तसं काही झालं नाही. पहिला ईमेल यायला आठवडाभर गेला. तिघांचा गट होता, तारीख, वेळ आणि गाडी एकच, असं सगळं त्यांनी न विचारता लिहिलं होतं. ते आले, खेळले, जाताना बाराव्या होलजवळ पडलेली फांदी बाजूला करून गेले. काका दिवसभर खुशीत होते.

राहिली ती छपरावरची जुनी पिन. सामान्य नकाशांचं तंत्र निराळं आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर कुणीही बदल करू शकतं आणि तो मंजुरीची वाट न पाहता लागू होतो. पण जमिनीवर जे खरोखर आहे ते नकाशात असावं असं तिथलं तत्त्व आहे, त्यामुळे कोर्स पुसून टाकला तर कुणीतरी तो पुन्हा काढणार आणि त्याचं चुकतही नाही. तिथे कोर्स ठेवून प्रवेशाची खूण 'प्रायव्हेट' करायची. 'पर्मिसिव्ह' अशीही एक खूण आहे, मालकाने हरकत घेईपर्यंत सगळ्यांना मुभा असा तिचा अर्थ. ती आमच्या उपयोगाची नव्हती. बदल करताना टिपणीत कारण लिहा, म्हणजे पुढचा माणूस तो उलटवत नाही. गूगल मॅप्सवर बदल सुचवताना 'लोकांसाठी खुलं नाही' असं कारण देता येतं. शिवाय या नकाशांवरून माहिती उचलणारी इतर ॲप्स आपापल्या वेळेने ताजी होतात, त्यामुळे मूळ जागी दुरुस्ती झाली तरी जुनी पिन काही काळ इथेतिथे दिसत राहते. आमची शेवटची अशी पिन ऑक्टोबरमध्ये गेली.

आता देखभालीचं. गवत कापणीच्या दिवसांत उतार बंद असतो, तेव्हा तिन्ही नोंदींत कोर्स तात्पुरता बंद असल्याचं तारखांसह लिहिते आणि काम संपलं की काढते. वर्षातून एकदा काकांना अटींचा कागद पुन्हा वाचून दाखवायचा आणि काही बदलायचं आहे का विचारायचं, असं ठरलं आहे. आणि उद्या कोर्स कायमचा बंद करायची वेळ आलीच, तर नोंद पुसून टाका असं सांगायचं नाही. 'कायमचा बंद' अशी खूण करून नोंद तशीच राहू द्यायची. रिकामी जागा दिसली की कुणीतरी जुन्या आठवणीवरून ती पुन्हा भरतं. बंद म्हणून लिहिलेला कोर्स सहसा कुणी परत टाकत नाही. काकांच्या कागदावर हेही आता शेवटच्या कलमात लिहिलेलं आहे, त्यांच्याच अक्षरात.